कोबीच्या गड्ड्याची सुनावणी

बाईंची चिठ्ठी घरात शुक्रवारीच आली होती, पण सातही माणसं एका जागी सापडली ती रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलाशी. दादानं ताटं मांडू दिली, पाणी भरू दिलं, आणि वहिनीनं पातेल्यावरचं झाकण उचललं तेवढ्यात खिशातून चिठ्ठी काढली.

"आधी हे," तो म्हणाला.

"आधी जेवण," आजोबा म्हणाले.

"बाबा, पाचच मिनिटं."

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. तुझ्या पाच मिनिटांत तास-सव्वा तास आरामात मावतो, हे मला ठाऊक आहे."

दादानं चष्मा चढवला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. अठरा वर्षं शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून त्याची एक नजर कायम पुढच्या धोक्यावर असायची. रस्त्यावर नसला तर तो धोका घरात शोधायचा. आज तो शोधावा लागला नव्हता, शाळेनंच लिहून पाठवला होता.

"'आपल्या मुलीने मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलाला सांगितले,'" तो वाचू लागला, "'की तुझी मान पिरगाळली तर कोबीचा गड्डा मोडल्यासारखा आवाज येईल, आणि डोक्यात कुऱ्हाड घातली तर कलिंगडासारखा. त्या मुलाने दोन दिवस डबा खाल्लेला नाही. डब्यात कोबीची भाजी होती. कृपया मुलीशी बोलावे.'"

आजोबांना ठसका लागला. तो ठसका नव्हता हे सगळ्यांना कळलं.

"मी त्याला घाबरवलं नाही," भिंगरी म्हणाली. ती साडेसात वर्षांची होती आणि तिच्या मते तिच्यावर अन्याय चालला होता. "तो म्हणाला, मान मोडल्यावर कट असा आवाज येतो. तो चुकीचं सांगत होता. मी त्याला माहिती दिली."

"माहिती!" दादा म्हणाला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बहिणीकडे वळला. "ही माहिती कुणी दिली, ते विचारायला नको. खुडबुड, बोल आता."

आत्याला घरात लहानपणापासून खुडबुड म्हणायचे. पळ्या, कड्या, डबे, जे हाताला येईल ते वाजवून बघायची. आता त्याचंच तिला काम मिळालं होतं. संगीत शाळेतली कायमची नोकरी सोडून ती व्हिडिओ गेमसाठी आवाज बनवायला लागली, त्याला तीन वर्षं झाली, आणि भाऊ-बहिणीत जे बोलणं उरलं होतं ते 'मीठ दे' आणि 'गाडी आत घे' एवढंच. अंगणापलीकडची आजोबांची बंद पडलेली कार्यशाळा तिनं आतून गोधड्यांनी मढवून घेतली होती. गेलं दीड वर्ष तिथं एकाच गेमचं काम चालू होतं. त्याचं नाव 'शेवटचा बुरूज'. खेळणाऱ्यानं कुऱ्हाड घेऊन सात बुरूज चढायचे आणि वाटेत जो आडवा येईल त्याला आडवा करायचा. अजून तो बाजारात यायचा होता. घरात आली होती ती चाचणीची प्रत, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सोळा वर्षांवरील.

"सात वर्षांच्या पोरीला तू माणसं मारायला शिकवलंस," दादा म्हणाला.

"मी तिला कोबी पिळायला शिकवलं," आत्या म्हणाली. "माझ्या खोलीत ती माणसं बघतच नाही. भाज्या बघते."

"आई, तू सांग हिला."

दादाचा सगळा भरवसा आईवर होता. चौतीस वर्षं अपघात विभागात नर्स असलेल्या आपल्या आईला, जिला नवऱ्यासकट सगळं घर एरवी सिस्टर म्हणायचं, कुऱ्हाडीचा खेळ कसा आवडेल? सिस्टरनं गाजराचा एक तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे चावून संपवला.

"आमच्या परसात कोंबडी कापायचे तेव्हा आम्ही पोरं रांग लावून बघायचो," ती म्हणाली. "मी काय खुनी झाले?"

"तू नर्स झालीस."

"तेच म्हणते मी."

दादानं हिशेब केला. आई फितूर झाली म्हणजे बैठक हातची गेली.

"कोंबडी कापली की मेली, आई," तो म्हणाला. "इथं मेलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. वर मारल्याचे गुण मिळतात. माझ्याकडे अठरा-अठरा वर्षांची पोरं येतात. हात हलके, नजर तेज. सगळं येतं त्यांना. फक्त एक गोष्ट येत नाही. समोरून येणाऱ्या गाडीत माणूस असतो, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. ते शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. माझ्या पोरीला ते नंतर शिकवावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

यावर सिस्टरनं दुसरा गाजराचा तुकडा उचलला, पण खाल्ला नाही.

*

बोलणं दादाचं होतं, पण आत्याला ते खोटं म्हणता येईना. हीच तर त्याची खोड होती. चिडवायचं कसं हे त्याला कधी नीट जमलं नाही, आणि मधूनच एखादं वाक्य असं बोलायचा की भांडणाऱ्याची पंचाईत व्हावी.

"एक विचारू?" वहिनी म्हणाली.

वहिनी कोर्टात स्टेनो होती. दिवसभर इतरांचं भांडण शब्दन् शब्द उतरवून घ्यायची, त्यामुळे घरातल्या भांडणात ती सहसा तोंड उघडत नसे. उघडलं तर समोरच्याला घाम फुटायचा.

"मघाशी तुम्ही म्हणालात, वन्सं, तुमच्या खोलीत ती भाज्या बघते. मान्य. पण गेम खेळायला टीव्ही लागतो. तुमच्या कार्यशाळेत टीव्ही नाही. मग ही खेळली कुठे?"

आत्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील स्वतःच्या रिकाम्या ताटात असे रोखून बघत होते, जणू त्यात बारीक स्प्रिंग सांडली असावी. गेले दोन महिने गेमचं यंत्र त्यांच्या खोलीत, त्यांच्या टीव्हीला जोडलेलं होतं. 'मला तुझं काम ऐकव' म्हणून त्यांनीच ते लावून घेतलं होतं. शाळा सुटल्यावर तिथं काय चालतं याची तिला थोडी कल्पना होती आणि तिनं सोयीस्करपणे कानाडोळा केला होता. म्हणजे दोष थोडा तिचाही होताच.

"माझीच चूक आहे, वहिनी. मीच तिला..."

"खेळली म्हणजे काय, तीन बुरूज चढली असेल पोर," आजोबांना राहवेना. "उगीच कुऱ्हाड कुऱ्हाड काय लावलंय! तिसऱ्या बुरुजावर तर कुऱ्हाड चालतसुद्धा नाही. तिथं गोफण लागते."

वहिनीनं पातेल्यावर झाकण परत ठेवलं.

"बाबा," दादा म्हणाला. "बाबा, तुम्ही?"

"मी ऐकायला बसलो होतो."

"ऐकायला?"

"ऐकता ऐकता पाचव्या बुरुजापर्यंत गेलो."

"सहाव्या," भिंगरी म्हणाली. "पण सहावा मी चढवला. आजोबांचा हात थरथरतो ना, म्हणून पुलावरून ते सारखे खाली पडतात."

सिस्टर हसली. दादा हसला नाही. आजोबांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. ज्या हातांनी केसाएवढी चक्रं बसवली ते हात आता पाण्याचा पेला धरतानाही डुगडुगत होते.

"हसा," ते म्हणाले. "पण एक सांगतो. घड्याळ उघडायच्या आधी मी कानाला लावायचो. दोष कुठे आहे ते ऐकू यायचं. या पोरीचं काम मी तसंच ऐकलं, दोन महिने. त्या गेममध्ये दगडावरचं पाऊल वेगळं वाजतं, लाकडी पुलावरचं वेगळं, आणि माणूस दमला की तेच पाऊल जड वाजतं. मला कुठंही दोष सापडला नाही."

आत्यानं मान खाली घातली. दीड वर्षात तिच्या कामाविषयी या घरात कुणी पहिल्यांदाच बोललं होतं, आणि तेही भलत्याच वेळी. डोळ्यांत आलेलं पाणी लपवायचं तर उठून काहीतरी करायला हवं होतं. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि कोबीचा एक अख्खा गड्डा, ओला पंचा आणि चार मुळे घेऊन आली.

*

"दादा, डोळे मीट," आत्या म्हणाली.

"मी मुळीच..."

"अहो, मिटा," वहिनी म्हणाली. दोन्ही पक्षांचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नसतो, हे ती रोज बघत होती.

दादानं कसाबसा एक डोळा मिटला आणि सगळ्यांनी ओरडल्यावर दुसरा. आत्यानं गड्डा ओल्या पंच्यात गुंडाळला, त्याच्या कानापाशी नेला आणि दोन्ही हातांनी सावकाश पिळला. कर्र करत आतली पानं फाटली, मग दांडा मोडला. दादा खुर्चीतून वीतभर उडाला आणि त्यानं स्वतःची मान चाचपली.

"आहे का जागेवर?" सिस्टरनं विचारलं.

आता मात्र दादाच्याही तोंडातून हसू फुटलं. आत्यानं मुळा मोडून मनगट मोडून दाखवलं. भिंगरीनं उरलेला मुळा दोन्ही हातांनी मोडून स्वतःचं मनगट मोडलं आणि किंचाळत खुर्चीवरून लोळली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. टेबलभर पाचोळा झाला. गेल्या तीन वर्षांत या दोघांना एकत्र हसताना वहिनीनं पाहिलं नव्हतं. चिठ्ठी पाठवणाऱ्या बाईंचे आभार मानावेत की काय, असं तिला वाटून गेलं.

"आणि हे सगळं एकत्र जुळवलं की असं होतं," आत्या म्हणाली. भरात येऊन तिनं फोन काढला आणि बटण दाबलं.

फोनमधून कोणी धापा टाकत धावलं. कुऱ्हाड घुमली. कोबी मोडला. मग एक पुरुष कण्हला. खोलवरून, दात ओठ आवळून, 'आई गं' म्हणावं आणि तेही पुरतं म्हणता येऊ नये, असा. दोनदा, तीनदा कण्हला, आणि मध्येच एकदम गप्प झाला.

"हे कण्हणं काय भारी आहे," दादा नकळत बोलून गेला. "कोण नट आहे?"

आत्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. वहिनीनं तिच्याकडे बघितलं. स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही, पण बायकोला येतो. गेल्या हिवाळ्यात दादाची पाठ धरली होती, तेव्हा सपाट जमीन हवी म्हणून तो दोन दिवस कार्यशाळेतल्या गालिच्यावर पडून होता. हे तेव्हाचंच कण्हणं होतं. वहिनी ते कुठेही ओळखू शकली असती.

ती काही बोलणार तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. खुर्ची रिकामी होती. भिंगरीचा चार वर्षांचा भाऊ बटण, नावासारखाच वाटोळा आणि घट्ट मिटलेला, बैठक सुरू झाल्यापासून तिथं बसून रुमालाचे दोरे काढत होता. आता रुमाल जमिनीवर पडला होता.

"बटण कुठंय?"

हाका सुरू झाल्या. पलंगाखाली, पडद्यामागे, बाथरूममध्ये. वहिनी जिन्यावर धावली, आणि धावता धावता तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. गेले पंधरा दिवस ती कोर्टातून आली की तो दारातच विचारायचा, 'बाबा आले?' नाही म्हटलं की फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. आले म्हटलं तरी जाऊन बाबांच्या पोटाला बोट लावून यायचा. तिला वाटलं, बापाचा लळा लागलाय. दुसऱ्याचं बोलणं टिपून घ्यायचा पगार मिळतो आपल्याला, ती मनात म्हणाली, आणि पोटच्या पोराचं रोजचं एक वाक्य आपल्याला ऐकू आलं नाही.

*

तो कुठे असेल हे भिंगरीला ठाऊक होतं. मोठी माणसं उगीच वर शोधत होती. बटण घाबरला की खाली लपायचा, लहानात लहान जागेत. ती बोळातल्या चपलांच्या कपाटाशी गेली आणि खालचं दार उघडलं.

तो तिथंच होता. गुडघे पोटाशी, आणि मांडीवर बाबांचे दोन्ही काळे बूट, घट्ट कवटाळलेले. चड्डी ओली झाली होती.

"बाहेर ये."

त्यानं मान हलवली.

"बूट का घेतलेस?"

"बाबा बाहेर जातील."

तोवर सगळे मागे येऊन उभे राहिले होते. बाबा खाली वाकले. "मी कुठं जातोय, राजा? आज सुट्टी आहे."

"तुम्ही पडता," बटण म्हणाला. तो भिंगरीकडे बघून बोलत होता, जणू बाबांना सांगायची चोरी होती. "आजोबांच्या टीव्हीत. बाबा पडतात, मग ऊं ऊं करतात, मग बंद होतात. मग ते कुठे जातात?"

भिंगरीचे कान तापले.

"पण तू तर बघत नव्हतास!" ती म्हणाली. "मी तुला सांगितलं होतं. आई, मी खरंच सांगितलं होतं त्याला. तू चार वर्षांचा आहेस, सहा झाल्याशिवाय बघायचं नाही. मी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचे रोज. गाड्या देऊन."

"मी बघितलं नाही," बटण म्हणाला. त्यानं नियम पाळला होता. "ऐकलं."

आत्या मटकन खाली बसली, तिथंच, चपलांच्या शेजारी.

भिंगरीला आता रडू यायला लागलं होतं, आणि राग पण आला होता. ती गेममध्ये पडणाऱ्या माणसाकडे बघायची तेव्हा तिला कोबी दिसायचा, कलिंगड दिसायचं, आत्याचे ओले हात दिसायचे. माणसं पडली की पाच सेकंदांनी पुसली जातात हेही तिला माहीत होतं, कारण ती पुसली नाहीत तर पुलावर गर्दी होते. हे सगळं बटणला माहीत नव्हतं. त्याच्या कानात फक्त बाबा होते.

"ते बाबा नाहीतच," ती म्हणाली. "तो खोटा आवाज आहे. आत्या, सांग ना त्याला. कशाचा केलास तो? सांग ना."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. आत्या भिते हे भिंगरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

*

"तुझाच आहे," आत्या म्हणाली. "पाठ धरली होती तेव्हाचा. रेकॉर्डर चालू राहिला होता. नंतर ऐकला आणि ठेवून घेतला. तीन नटांना बोलावलं होतं रे, दादा, तिघंही नाटकात कण्हल्यासारखे कण्हत होते. तुझ्यासारखं खरं कुणाला जमेना."

"मला विचारायचं तरी."

"आपण बोलतच कुठे होतो?"

"किती जण?" दादानं विचारलं.

"काय?"

"त्या गेममध्ये किती जण माझ्यासारखे कण्हतात?"

"सगळेच," आत्या कसंबसं म्हणाली. "सातही बुरुजांवर. चारशेच्या वर."

सिस्टर मागे उभी राहून हे ऐकत होती. दादाचा चेहरा तिनं नीट बघितला. 'बघ, मी सांगत होतो' एवढं म्हणायचा त्याला आज पूर्ण हक्क होता, आणि लहानपणापासून तो असला हक्क कधी सोडत नसे. पण तो तसा काही बोलला नाही. कपाटात हात घालून त्यानं मुलाच्या पायाचा अंगठा धरला आणि तसाच बसून राहिला. मघाशी कोंबडीची गोष्ट सांगून आपण मोठा शहाणपणा केला, असं सिस्टरला वाटलं होतं. तिनं ते मनातल्या मनात परत घेतलं. आपण कोंबडी बघायला जायचो तेव्हा शेजारी आपली आई उभी असायची. भिंतीकडे तोंड करून एकट्यानं ऐकलं नव्हतं.

"बाजूला व्हा सगळे," ती म्हणाली. चौतीस वर्षं ज्या आवाजानं तिनं वॉर्ड मोकळा केला होता, तोच आवाज. "दादा, तू इथं आडवा हो. बोळात."

"आई, आता?"

"आडवा हो म्हटलं ना."

दादा आडवा झाला. बोळ अरुंद होता. त्याचे पाय दाराला लागले आणि डोकं आजोबांच्या चपलांपाशी आलं.

"कण्ह."

"असं एकदम कसं..."

"पाठीवर येऊन बसू का?"

दादा कण्हला. कपाटातला बटण आणखी आत सरकला. दादा आणखी एकदा कण्हला आणि आईच्या खुणेसरशी एकदम गप्प झाला.

सिस्टर कपाटापाशी खाली बसली. तिचे गुडघे मुळ्यापेक्षा जोरात वाजले.

"तू विचारलंस ना, गप्प झाल्यावर कुठे जातात?" ती नातवाला म्हणाली. "टीव्हीतलं मला माहीत नाही. ते काम ज्यांनी केलं त्यांनी अर्धवट सोडलंय. खरं मला माहीत आहे, कारण तिथं मी होते. माणूस कण्हत असला की मी चालत जायचे. पण कण्हता कण्हता गप्प झाला ना, की मी धावत सुटायचे. हातातलं सगळं टाकून. रोज."

"आणि मग?"

"मग उठवायचं. नाही उठला तर उचलायचं. कुणाला जमिनीवर पडून राहू दिलं नाही कधी."

"सगळे उठले?"

पोराला खोटं सांगायचं नाही आणि पोराला खरं झेपायलाही हवं, या दोन्हींच्या मधली वाट सिस्टरनं हजारदा चालून पाहिली होती.

"सगळे नाही उठले. पण एकटं कुणी नव्हतं. मी हात धरून बसायचे." मग तिनं दादाकडे बोट दाखवलं. "हे बघ, हा पेशंट गप्प झाला. मी आता म्हातारी झाले, मला धावता येत नाही. ड्यूटीवर कोण आहे?"

मग बुटांची जोडी बाजूला झाली. बटण कपाटातून बाहेर आला, ओल्या चड्डीनिशी, आणि दोन पावलं धावला. बोळात धावायला तेवढीच जागा होती. त्यानं बाबांच्या पोटाला बोट लावलं. मग छातीला कान लावला.

"आतून वाजतंय," तो आजोबांना म्हणाला.

"किती वाजतंय? नीट ऐक. नेमानं वाजतंय की मागे पडतंय?" आजोबांनी विचारलं.

"नेमानं."

"मग मशीन चांगलं आहे. उचला."

चादर वहिनीनं आणली. भिंगरी डोळे पुसत मदतीला धावली, पण चादर पसरताना मध्येच थांबली. "आणि माझं काय? मला कुणी विचारलंच नाही. मला भीती वाटत नाही. मग माझा गेम का बंद करणार?"

"बंद करणार असं कोण म्हणालं?" आत्या म्हणाली. ती दादाच्या पायांशी चादरीची दोन टोकं धरून उभी होती.

"मी म्हणालो," चादरीवरून दादा म्हणाला.

"आणि मीही म्हणते," आत्या म्हणाली. दादानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "भिंगरे, तुला कोबी दिसतो कारण तू माझ्या खोलीत बसलीस. पण शाळेतल्या त्या मुलाला कोबी दिसला नाही, त्याला स्वतःची मान दिसली. तू सांगितलंस आणि तुझ्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात यायला लागलं की खेळ. बारा वर्षांची झालीस की मी स्वतः लावून देईन."

"दहा," भिंगरी म्हणाली.

"बारा," वहिनी म्हणाली. "तोपर्यंत कोबी पिळायला जायला हरकत नाही. आणि उद्या त्या मुलाला डब्यात काहीतरी गोड न्यायचं, ते तूच द्यायचं."

"आणि आजोबा? ते का खेळणार?"

"मी सोळाच्या वरचा आहे," आजोबा घाईघाईनं म्हणाले.

"हेडफोन कानाला लावून खेळा," सिस्टर म्हणाली, "दार बंद करून. आणि आत कुणी नाही ना, हे खुर्चीमागे बघून. मीच येऊन बघणार आहे."

"आणि माझं कण्हणं?" दादानं विचारलं.

"उद्याच काढते," आत्या म्हणाली.

दादा छताकडे बघत होता. "तू म्हणालीस तसं ते चांगलं आहे का? म्हणजे खरंच तीन नटांपेक्षा?"

"दादा, तू कमाल आहेस," आत्या म्हणाली, आणि हसता हसता रडली, की उलट, हे सिस्टरला चष्म्याशिवाय नीट दिसलं नाही.

"काढून टाक," दादा म्हणाला. "पण एक प्रत ठेव."

बटणनं सगळ्यांच्या हातांत चादर आहे ना, हे एकेकाजवळ जाऊन पाहिलं. डोक्याकडे वहिनी आणि आजोबा, पायांकडे आत्या, मधल्या बाजूला भिंगरी. दादा वजनानं चांगलाच होता. पहिल्या हिसक्याला तो जेमतेम बोटभर उचलला गेला, दुसऱ्याला आजोबांची बाजू सुटली, आणि तिसऱ्याला सिस्टरनं स्वतः येऊन नवऱ्याच्या हातातलं टोक घेतलं. मग वरात बोळातून जेवणघराकडे निघाली, भिंतींना घासत, दारात अडकत, पुन्हा मागे येऊन तिरकी होत.

"हळू," दादा म्हणाला. "वळणावर आधी डावीकडे बघा. खुडबुड, तुझी बाजू खाली चाललीय. अगं कोपरा, कोपरा..."

पुढे चालणारा बटण थांबला. मागे आला आणि त्यानं आपला छोटासा तळवा बापाच्या तोंडावर ठेवला.

"बोलायचं नाही, बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला लागलंय. आम्ही आहोत."